मोतीबिंदूचं ऑपरेशन थंडीतच का? आणि डोळ्यात पू होऊ नये म्हणून नक्की काय करतात?

मांजराकाठ
नमस्कार मंडळी. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजव्यात जास्त. ज्वारी निवडताना खडा दिसत नाही, बोटाला लागला की कळतो. आमचं गाव केज तालुक्यातलं. लातूरला दाखवलं तर डॉक्टर म्हणाले, आता लांबवू नका.

घरात दोन पक्ष पडलेत. मोठे मामा म्हणतात दिवाळी होऊ द्या, थंडी पडू द्या, गरमीत डोळा चिघळतो. चुलती म्हणते, अजून पिकलाच नाही, घाई कशाला? तिसरा पक्ष खुद्द आईचा: "मला काय आता कलेक्टर व्हायचंय का?"

माझी भीती वेगळी आहे. काही वर्षांमागं शेजारच्या आबांच्या डोळ्यात ऑपरेशननंतर पू झाला आणि डोळा गेला. आमचे डॉक्टर म्हणाले, पू होऊ नये म्हणून शेवटी डोळ्याच्या आतच अँटिबायोटिक सोडतो. भाचा फार्मसीला आहे. तो म्हणतो हे बिल वाढवायचे धंदे आहेत, वरून थेंब टाकले की भागतं.

अनुभव सांगाच, पण 'कशावरून' तेही सांगा. 'आमच्या आत्याला काही झालं नाही' एवढ्यावर मामा ऐकणार नाहीत.

औंढ्याचा गण्या
थंडीत डॉक्टरचे हात कुडकुडतात, म्हणून उन्हाळ्यात करा, असं एकही मामा का म्हणत नाही?

परभणीची माहेरवाशीण
आमच्या आत्याला काही झालं नाही. :)
ऐन मे महिन्यात केलं होतं. सकाळी नेलं, संध्याकाळी घरी. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तर आत्या म्हणाली, "अगं, भिंतीला रंग कधी दिला?" रंग देऊन चार वर्षं झाली होती.

तिमिर
मी डोळ्यांचा डॉक्टर आहे, नांदेड भागात काम करतो. दोन गोष्टी आधी मिटवतो.

थंडीचं: पूर्वी बुब्बुळाच्या कडेनं मोठा छेद घेऊन टाके घालत. रुग्ण कित्येक दिवस उताणा पडून राहायचा. त्यात घाम, माशा, धूळ. त्या काळी थंडी बघणं शहाणपणाचंच होतं. शिवाय सुगी उरकली की माणसं मोकळी, म्हणून शिबिरंही हिवाळ्यातच लागायची. आता छेद लहान असतो, बहुतेक वेळा टाकाही लागत नाही. ऋतू बघायला आधार नाही.

पिकण्याचं: हे तर उलट आहे. फार पिकलेला मोतीबिंदू कडक होतो, काढायला अवघड जातो. कधी आतल्या आत फुगतो किंवा पाझरतो आणि डोळ्याचा दाब चढतो. मग रात्री-अपरात्री डोकं धरून माणसं येतात, 'उलट्या होतात, डोळा ठणकतो' म्हणत. तोवर डोळ्याची नस खराब व्हायला लागलेली असते.

आता पू. त्याला आम्ही एंडॉफ्थॅल्मायटिस म्हणतो. जंतू बहुतेक वेळा बाहेरून उडून येत नाहीत, ते रुग्णाच्याच पापण्यांवर आणि डोळ्याच्या कडेला राहणारे असतात. म्हणून सगळ्यात जुना आणि भक्कम उपाय म्हणजे पोव्हिडोन आयोडीन. ५ टक्के तीव्रतेचं, ऑपरेशनआधी थेट डोळ्यात. १९९१ साली न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयातला अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथं काही ऑपरेशन थिएटरांत हे वापरलं आणि काहींत जुनं चांदीचं औषध. आयोडीनच्या बाजूला पू होण्याचं प्रमाण साधारण चौथ्या हिश्शावर आलं. हे औषध स्वस्त आहे, कुठंही मिळतं, आणि जंतूंना त्याची सवय होत नाही.

आतल्या अँटिबायोटिकचं उद्या लिहितो, ओपीडी आहे.

सोयाबीन_भाव
तिमिर साहेब, तुमच्याकडं काय भाव चाललाय?

तिमिर
ओपीडीचा की सोयाबीनचा?

भुईनळा
दोन्ही पडलेलेच असतील.

ओटीतली सिस्टर
तिमिर सरांनी आयोडीनचं सांगितलं ते बरोबर. मी त्यात वेळेचं घालते. थेंब टाकला आणि लगेच सुरू केलं असं चालत नाही. आमच्याकडं भिंतीवरच्या घड्याळात बघून तीन मिनिटं थांबायचं. डोळा तपकिरी होतो, पेशंट म्हणतं झोंबतंय. भुलीचे थेंब आधी टाकलेले असले की कमी झोंबतं. मग चिकट प्लास्टिकचा ड्रेप असा लावायचा की पापणीचा एकही केस बाहेर दिसता कामा नये, सगळे आत दुमडले पाहिजेत. नवीन मुली इथंच चुकतात. केस राहिला की भिंग त्याला घासून आत जातं. केस कापायची गरज नाही, झाकायची आहे.

दर पेशंटला अवजारांचा वेगळा सेट. ऑटोक्लेव्हमधून आलेल्या पाकिटावरची पट्टी काळी झाली का, ते बघितल्याशिवाय मी पाकीट फोडत नाही. आणि डोळा आतून धुवायच्या सलाइनच्या, रिंगर लॅक्टेटच्या बाटलीचा बॅच नंबर प्रत्येक केसपेपरवर. एकाला पू झाला तर तो बहुधा त्याच्याच पापणीतला. पण एकाच दिवशी चौघांना झाला, तर आधी बाटली पकडायची.

पाचटात_हरवलेला
ताई, बाटलीत जंतू? ती तर सीलबंद येते ना?

ओटीतली सिस्टर
येते सीलबंद. पण कारखान्यातच दूषित झालेला एखादा बॅच निघू शकतो, किंवा एक बाटली चार जणांना वापरली जाते. स्यूडोमोनास नावाचा जंतू पाण्याचा मोठा शौकीन आहे. शिबिरांत एकदम अनेकांचे डोळे जातात ना, त्यात त्याचं नाव वरचेवर निघतं. मध्य प्रदेशातल्या बडवानीला २०१५ मध्ये शिबिरातल्या ऑपरेशननंतर चाळीसहून जास्त जणांची नजर गेली होती. ती बातमी आली त्या आठवड्यात आमच्याकडचे पेशंट यायचेच बंद झाले.

सरळबोल्या
हे सगळं ऐकायला छान आहे. पण आपल्याकडं गरिबाचा डोळा म्हणजे नुसता आकडा. एका दिवसात किती उरकले, याचेच बॅनर लागतात. पू झाला की 'पेशंटनं डोळा चोळला' म्हणून मोकळे.

तिमिर
सरळबोल्या, बॅनरचं खरं आहे, नाकारत नाही. पण 'जास्त संख्या म्हणजे निष्काळजी' हे समीकरण चुकतं. मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय १९७६ मध्ये डॉ. वेंकटस्वामींनी ११ खाटांवर सुरू केलं. आज जगात सगळ्यात जास्त मोतीबिंदू काढणाऱ्यांत ते आहे आणि पू होण्याचं प्रमाण तिथं अत्यंत कमी. आपल्याच रेणापूर तालुक्यातले डॉ. तात्याराव लहाने यांनीही मोठ्या संख्येनं ऑपरेशन्स केली. संख्या मोठी असली की प्रत्येक पायरी ठरलेली लागते, एवढंच. शाळेच्या वर्गात बाकं सरकवून ऑपरेशन करायचे दिवस गेले, आणि ते बरंच झालं.

आता राहिलेलं. भिंग बसवून झालं की डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात ०.१ मिलि अँटिबायोटिक सोडतात. स्वीडनचे डॉक्टर १९९० च्या दशकापासून सेफुरॉक्झिम वापरत होते आणि त्यांचे आकडे चांगले येत होते. बाकी युरोपाचा विश्वास बसेना. म्हणून ९ देशांतल्या २४ केंद्रांत साधारण १६ हजार रुग्णांवर चाचणी झाली. कुणाला आत औषध मिळणार आणि कुणाला नाही, ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं. तिचा अंतिम अहवाल २००७ मध्ये आला. आत सेफुरॉक्झिम न मिळालेल्यांत पू होण्याचा धोका जवळजवळ पाचपट निघाला. फरक इतका उघड होता की भरती वेळेआधीच थांबवली.

भाच्यासाठी खास: त्याच चाचणीत ऑपरेशनच्या वेळी द्यायच्या अँटिबायोटिक थेंबांचीही परीक्षा झाली. नुसत्या थेंबांचा ठळक फायदा दिसला नाही.

मांजराकाठ
भाच्याला लिंक पाठवली. 'सीन' केलंय, उत्तर नाही.

आकडेमोड
तिमिर, थोडं मीठ टाकतो. त्या युरोपीय चाचणीत ज्यांना आत औषध मिळालं नाही त्यांच्यात पू होण्याचं प्रमाण ०.३ टक्क्याच्या आसपास होतं. इतर अनेक ठिकाणी औषध न देताही ते याहून बरंच कमी असायचं. मूळ धोकाच जास्त असेल तर फायदाही मोठा दिसणार. अमेरिकेतले लोक बराच काळ हेच म्हणत राहिले.

भारताचा आकडा मला जास्त बोलका वाटतो. अरविंदच्याच सहा लाखांहून जास्त ऑपरेशन्सचा हिशेब २०१७ मध्ये छापून आला. आत मॉक्सिफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक न देता ०.०७ टक्के, दिल्यावर ०.०२ टक्के. म्हणजे दहा हजारांत सातावरून दोनावर. यात महागडं फेको (यंत्रानं मोतीबिंदू फोडून शोषून घ्यायचं ऑपरेशन) होतं आणि आपल्याकडचं हातानं करायचं बिनटाक्याचं ऑपरेशनही होतं.

पण ही चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नव्हे. औषध सुरू होण्याआधीचे रुग्ण आणि नंतरचे रुग्ण अशी तुलना आहे. मधल्या काळात आणखी काही सुधारलं असेल तर त्याचं श्रेयही औषधाला जातं. म्हणून एक चाचणी कडक पण मूळ धोका जास्त, दुसरा हिशेब प्रचंड पण सैल. दोघांचं बोट एकाच दिशेला आहे, हे महत्त्वाचं.

आणि दहा हजारांत पाचाचा फरक कुठल्याही एका डॉक्टरला स्वतःच्या अनुभवातून कळणारच नाही. वर्षाला हजार ऑपरेशन्स करणारा 'मी कधी दिलं नाही, कुणाला काही झालं नाही' म्हणतो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याच्या आकड्यात ते दिसायला जागाच नसते. आत्यांचंही तसंच.

परभणीची माहेरवाशीण
आत्याला यात ओढू नका, ती आता सगळ्यांच्या भिंतींचे रंग सांगत फिरायलीय.

सरळबोल्या
ज्या हजारो लोकांना मुद्दाम औषध दिलं नाही, त्यांतल्या ज्यांचे डोळे गेले त्यांचं काय? स्वीडनवाल्यांना माहीत होतं ना? हे प्रयोगाचे उंदीरच झाले की.

तिमिर
प्रश्न रास्त आहे, टाळत नाही. त्यांना उघड्यावर सोडलं नव्हतं. पोव्हिडोन आयोडीन सगळ्यांना होतं, दुसऱ्या दिवसापासून अँटिबायोटिक थेंबही सगळ्यांना होते. 'आत औषध नाही' हाच त्या वेळी बहुतेक ठिकाणचा नेहमीचा उपचार होता. चाचणी झाली नसती तर तेच आणखी वीस वर्षं सगळ्यांना चालू राहिलं असतं. शिवाय आत सोडलेलं औषध नुकसानही करू शकतं. काहीजण व्हँकोमायसिन सोडत. पुढं लक्षात आलं की क्वचित काहींना त्यानं डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या रक्तवाहिन्या बंद होऊन भयानक अंधत्व येतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ मध्ये त्याबद्दल इशारा दिला. 'अँटिबायोटिकच आहे, दिलं तर काय बिघडतं' याचं उत्तर हे.

सरळबोल्या
पटलं अर्धं. उरलेलं अर्धं हे, की युरोपातल्या माणसानं सही केली ती वाचून. आमच्या चुलत्यानं अंगठा दिला तो डॉक्टरला देव मानून.

आकडेमोड
हे मात्र कुणी खोडू शकणार नाही. कागदावर व्यवस्था आहे. २००९ पासून औषधाच्या चाचण्या सरकारी नोंदवहीत आधी नोंदवाव्या लागतात, नीतिसमितीची मंजुरी लागते, संमतीपत्र रुग्णाच्या भाषेत लागतं, मधूनच बाहेर पडलं तरी उपचार थांबवता येत नाहीत. पण देवाला प्रश्न कोण विचारणार?

ऊसवाला
मी विचारत नव्हतो. आता विचारतो. सांगतो कसं ते.

ऊस तोडताना पातं डोळ्यावर फटकन बसलं. वाटलं होईल बरं. लाली वाढली तसं गावातल्या मेडिकलवरून थेंब आणले. त्यानं दोन दिवस इतकं बरं वाटलं की मी त्याला दुवा देत होतो. मग बुब्बुळावर पांढरा ठिपका, वर दुधाच्या सायीसारखा थर, आणि उजेड बघवेना. मोठ्या दवाखान्यात गेलो तर त्या मॅडमनी पहिलं विचारलं, "बाटली आणलीय का?" बघितली आणि टेबलावर ठेवली. स्टिरॉइडचे थेंब होते. आत बुरशी वाढत होती आणि मी तिला खतपाणी घालत होतो.

त्यांनी डोळा बधिर करून बारीक खरवडलं, काचेवर घेतलं, एक थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकात मलाच दाखवलं. काड्यांचं जाळं. नाटामायसिनचे थेंब दिले, तासातासाला, रात्रीसुद्धा. बाटली हलवावी लागते, तळाशी पांढरं बसतं. बायकोनं गजर लावून टाकले. मी म्हणालो, मॅडम, याहून भारी, नवं काही लिहून द्या, पैशाचं बघू. त्या म्हणाल्या, नवं आहे, पण हेच चांगलं. तेव्हा मला वाटलं टाळायलेत.

डोळा वाचला. फूल पडलंय, पण माणूस ओळखू येतो.

तिमिर
ऊसवाला, त्या मॅडम टाळत नव्हत्या. वोरिकोनाझोल हे बुरशीवरचंच औषध नवं आणि महाग आहे, सगळ्यांना वाटायचं तेच सरस ठरणार. मग अरविंदच्या रुग्णालयांत ३२३ रुग्णांवर दोन्ही थेंबांची समोरासमोर चाचणी झाली, निकाल २०१३ मध्ये आला. जुनं नाटामायसिन जिंकलं. फ्युझेरियम नावाच्या बुरशीत तर फार मोठ्या फरकानं. वोरिकोनाझोलवाल्यांत बुब्बुळाला भोक पडणं, तातडीनं बुब्बुळ बदलावं लागणं हे जास्त झालं. पुढं वोरिकोनाझोलच्या गोळ्या जोडीला देऊन बघितल्या, तर एकूणात फायदा नाही आणि त्रास वाढला.

सरळबोल्या, ते ३२३ बहुतेक आपल्यासारखेच, शेतात राबणारे लोक होते. त्यांनी सह्या केल्या म्हणून ऊसवाल्याला योग्य बाटली मिळाली. अंगठ्यांचा प्रश्न तरीही उरतो, मान्य.

भुईनळा
आमच्या गावात एक आजी जिभेनं डोळ्यातलं कुसळ काढायची. लोक जीप करून यायचे. एक थेंब एरंडेल सोडायची, जीभ फिरवायची, कुसळ तळहातावर ठेवून दाखवायची. मळणी यंत्राच्या दिवसांत तर रांग.

ओटीतली सिस्टर
आणि त्यातले काही नंतर आमच्याकडं यायचे. तोंडातले जंतू उघड्या जखमेवर. आजीचा हेतू चांगला असतो हो, पण नको.

पाचटात_हरवलेला
मग गावात करायचं तरी काय? रविवारी संध्याकाळी कुसळ गेलं, तालुका चाळीस किलोमीटर.

तिमिर
स्वच्छ पाण्यानं धुवा, चोळू नका, स्टिरॉइड अजिबात नको, आणि दुसऱ्या दिवशी दाखवा. नेपाळच्या भक्तपूरमध्ये गावातल्या स्वयंसेवकांनी ओरखडा पडलेल्यांना लगेच क्लोरॅम्फेनिकॉलचं मलम दिलं होतं, तीन दिवस. जे लवकर पोचले त्यांच्यात जखम चिघळण्याचं प्रमाण फार कमी राहिलं. २००१ मध्ये ते छापून आलं.

आकडेमोड
पुढं नेपाळातच गावं चिठ्ठीनं वाटून याची मोठी चाचणी झाली. त्यात गावातल्या अल्सरांचं, म्हणजे बुब्बुळावरच्या चिघळलेल्या जखमांचं, एकूण प्रमाण घटलेलं दिसलं नाही. मलम वाईट असं नव्हे, पण आशाताईंना ट्यूब वाटली की झालं, इतकं सोपंही नाही.

सोयाबीन_भाव
यंदा मळणीला गॉगल लावला तर पोरं 'हिरो आला' म्हणतात. लावूनच ठेवतो.

मांजराकाठ
मंडळी, धागा उसातून नेपाळला जाऊन आला, पण माझं काम झालं. काल आईला घेऊन परत गेलो. विचारायचं म्हणून लिहूनच नेलं होतं. आयोडीन किती वेळ ठेवता? आत कुठलं औषध? अवजारांचा सेट वेगळा का? डॉक्टर आधी माझ्याकडं बघत राहिले, मग हसले आणि सगळं सांगितलं. मॉक्सिफ्लॉक्सासिन, आत सोडण्यासाठीचंच, परिरक्षक नसलेलं. डोळ्यात टाकायच्या साध्या बाटलीतलं आत सोडत नाहीत. मग आईच्या डोळ्याच्या कोपऱ्यातल्या नळीत पाणी सोडून बघितलं, लासूर, म्हणजे ती नळी तुंबून पू साठलाय का म्हणून. पाणी घशात आलं, म्हणजे रस्ता मोकळा. साखर मात्र वाढलेली निघाली. ती उतरल्यावर तारीख.

मामांना आकडे सांगितले. ते म्हणाले, दहा हजारांत दोन म्हणजे दोघांना होतंच ना? मग साखर उतरेपर्यंत दिवाळी होईलच, हे कळल्यावर खूश झाले. त्यांचंच खरं झालं.

तिमिर
मामा चुकीच्या कारणासाठी बरोबर आले, येऊ द्या. मधुमेहात धोका वाढतो, तेव्हा साखरेसाठी थांबणं ठीक.

मामांच्या त्या दोघांसाठी एक लक्षात ठेवा. ऑपरेशननंतर नजर दिवसागणिक सुधारली पाहिजे. आधी दिसायला लागलं आणि मग पुन्हा अंधुक झालं, ठणका लागला, लाली किंवा पापणीची सूज वाढली, तर त्याच दिवशी गाडी काढायची. 'उद्या बघू' नाही. बहुतेक वेळा हे पहिल्या आठवड्यात होतं. पू झाल्यावरच्या उपचाराचाही अमेरिकेत ४२० रुग्णांवर अभ्यास झाला, निकाल १९९५ मध्ये. हात हललेला तरी दिसतोय तोवर आलात, तर डोळ्यात औषधाचं इंजेक्शन देऊन मोठ्या शस्त्रक्रियेइतकाच निकाल मिळतो. फक्त उजेड कळतोय अशा अवस्थेत आलात तर आतला पू काढायची मोठी शस्त्रक्रिया लागते. मधे गेलेले तास महाग पडतात.

मांजराकाठ
आई विचारतेय, चुलीपुढं कधीपासून बसता येईल?

ओटीतली सिस्टर
महिनाभर तरी नाही. धूर नको, डोक्यावरून आंघोळ नको, आणि थेंब टाकणाऱ्यानं आधी साबणानं हात धुवायचे. थेंब कोण टाकणार आहे ते आत्ताच ठरवा.

मांजराकाठ
भाचा. त्यानं आत्ताच उत्तर दिलंय: "मामा, अभ्यास वाचला. थेंब मी टाकतो."

औंढ्याचा गण्या
आणि चूल?

मांजराकाठ
त्यावर घरात परत दोन पक्ष पडलेत.